मदत हवी आहे: चौथी सुट्टी कुठली ठेवू?
मंडळी, आमच्या ऑफिसच्या पुढच्या वर्षाच्या सुट्ट्यांची यादी करायचं काम सरांनी माझ्या गळ्यात मारलंय. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने-आस्थापना कायद्यात ८ पगारी सुट्ट्या आहेत, त्यातल्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर ठरलेल्या, उरलेल्या ४ मालक आणि स्टाफने वर्ष सुरू व्हायच्या आत ठरवायच्या, आणि इथंच घोडं अडलंय. पाडवा, गणेश चतुर्थी, लक्ष्मीपूजन यावर वाद नाही पण चौथीसाठी दोघांना ईद हवी, तिघांना धुळवड, एकजण म्हणतो भाऊबीजेला नाही गेलो तर बहीण वर्षभर बोलणार नाही 😄 तुमच्याकडे मतदान घेता की चौथी ज्याची त्याला निवडू देता? आणि सण रविवारी आला तर बदली सुट्टी देता का?