मागचे रुंद टायर: आधी मोजमाप, मग खरेदी

मागे रुंद टायर हवेत म्हणून 6 इंच रुंदीच्या रिमवर 255/60 आर15 (255 मिमी रुंद, साइडवॉलची उंची रुंदीच्या 60 टक्के, रिमचा व्यास 15 इंच) चढवू का, असं तुम्ही विचारलंय. तो बेत सोडा. रिम अरुंद पडली की साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) फुगते, ट्रेड (रस्त्याला टेकणारा खाचांचा भाग) मधोमध उचलला जातो आणि मधला पट्टाच आधी झिजतो. 7 इंची रिम आणि 235/60 आर15 घ्या, रोजच्या गाडीला तेवढं पुष्कळ.

टायरला आतून लीफ स्प्रिंगपासून (पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग) किमान 25 मिमी जागा हवीच. कात्रज घाटातल्या वळणांवर अ‍ॅक्सल आडवा सरकतो. जागा कमी असेल तर टायरच्या आतल्या अंगावर घासल्याची चकचकीत रेघ दिसेल. टायर आणि फेंडर (चाकावरचा पत्रा) यांच्यातली जागा गाडी जॅकवर उचलून मोजू नका, लोंबत्या चाकावर ती फसवी दिसते. गाडी जमिनीवर, मागे दोघं बसलेले, अशी मोजा आणि अ‍ॅक्सलपासून बंप स्टॉपपर्यंतचं (अ‍ॅक्सल वर जाताना जिथे अडतो तो रबरी ठोकळा) अंतर त्यातून वजा करा. आपल्याकडचे स्पीडब्रेकर ते सगळं अंतर वापरतात!

205/60 काढून 235/60 बसवला की व्यास 627 वरून 663 मिमी होतो. मग स्पीडोमीटरचा काटा 60 वर असताना खरा वेग 63 च्या वर असतो.

हवेचा दाब बरोबर आहे का ते पाहायला ट्रेडवर खडूची आडवी रेघ मारून शंभरेक मीटर सरळ चालवा. मधला खडू आधी पुसला गेला तर 2 पीएसआय कमी करा. पावसाळ्यात रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो, म्हणून खोल उभ्या खाचांचाच ट्रेड निवडा.