सामाईक गावातलं माझं पात्र मारायला माझा होकार लागावा का?

उंबरठा:
गेली तीन वर्षं आम्ही नऊ जण मिळून एका कल्पित गावाच्या कथा लिहितोय. गाव सगळ्यांचं, नदी सगळ्यांची, एसटीचा थांबा सगळ्यांचा. पात्रं ज्याने त्याने आणलेली, पण कुणीही कुणाचीही वापरावीत, एवढंच तोंडी ठरलेलं.

माझी गोदाक्का पिठाची गिरणी चालवते. डाव्या डोळ्याने तिला दिसत नाही, पण डब्याचं झाकण उघडलं की वासावरून सांगते, ज्वारी यंदाची की गेल्या सालची. गव्हावर गहूच दळायचा हा तिचा नियम. मध्ये बाजरीचा डबा घुसवू देत नाही, मग समोर सरपंच का असेना. गेल्या महिन्यात एका सहलेखकाच्या कथेत ती दळणातलं पीठ काढून घेताना पकडली जाते आणि त्याच रात्री विहिरीत उडी घेते. मला ते सगळ्या वाचकांबरोबरच वाचायला मिळालं.

माझं म्हणणं असं: दुसऱ्याचं पात्र घ्या, त्याला भांडू द्या, हरू द्या, गावभर हिंडवा. पण त्याला मारायचं असेल, त्याचा स्वभाव उलटा करायचा असेल किंवा त्याच्यावर अत्याचार दाखवायचा असेल, तर ज्याने ते आणलं त्याचा होकार आधी घ्या.

ही काही माझ्या मनातून निघालेली अट नाही. रॉबर्ट ॲस्प्रिन या अमेरिकी लेखकाने १९७९ साली 'थीव्ज वर्ल्ड' ही कथासंग्रहांची मालिका सुरू केली तेव्हा अनेक लेखक एकाच शहरात लिहीत होते. त्यांचा नियम होता की दुसऱ्याचं पात्र वापरा, पण मारू नका आणि लक्षात येईल इतकं सुधारूही नका. हा 'सुधारू नका' भाग मला फार पटतो. चोराला साधू केला तरी तो लेखकाच्या हातून गेलाच की.

काठावरचा:
विहिरीची कथा माझी आहे, म्हणून मीच उत्तर देतो.

ताई, सलग तिसऱ्या वर्षी पाऊस नाही हे आपणच सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. गावात धान्य नाही म्हणजे गिरणीवर दळण नाही. दिवसाला दोन डबे येणार असतील तर गिरणीवाली खाणार काय, हा प्रश्न मला सोडेना. गावातली सगळ्यात सचोटीची बाई दोन मुठी पिठासाठी हात घालते, तेव्हा दुष्काळ काय असतो ते वाचणाऱ्याला कळतं. हेच मी एखाद्या लबाड पात्राकडून करवलं असतं तर कुणाला काय वाटलं असतं? गोदाक्का तुम्ही इतकी खरी उभी केलीत, म्हणूनच तिच्यावर लिहावंसं वाटलं.

आणि होकार मागितला असता तर तुम्ही दिला असता का? नसता दिला. मग ती कथा झालीच नसती. प्रत्येक पात्राभोवती कुंपण आलं तर उरतील नऊ जणांच्या नऊ वेगळ्या कथा, फक्त गावाचं नाव एक.

सहावा खो:
काठावरचा यांच्याशी सहमत. एससीपी फाउंडेशनचंच बघा, इंटरनेटवर अनेकांनी मिळून लिहिलेलं भयकथांचं जग. २००७ साली एका निनावी मजकुरापासून सुरुवात झाली, आज तिथे हजारो लेखन-तुकडे आहेत. 'अधिकृत कथानक असं काही नाही' हे तिथलं मूळ धोरण. एकाने मारलेलं पात्र दुसऱ्याच्या कथेत जिवंत असतं, आणि वाचकाला त्यात काही खटकत नाही. आपणही गोदाक्का दोन वाटांनी चालू ठेवू. एकीत विहीर, दुसरीत गिरणी.

जुनी वही:
एससीपीचा दाखला अर्धाच दिलात. तिथे कथानकाला कुंपण नाही, पण हक्काला आहे. मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली असतो, म्हणजे अटी पाळून कुणीही वापरावा, पण मूळ लेखकाचं नाव द्यावंच लागतं. तुम्ही सांगता त्या पहिल्या मजकुराबरोबरचं चित्र इझुमी काटो या जपानी शिल्पकाराच्या कलाकृतीचं होतं आणि ते त्यांना न विचारता घेतलेलं होतं. शेवटी २०२२ साली ते काढलं. इतकी वर्षं ओळख बनलेलं चित्र, तरी काढलं.

आणि दोन वाटा म्हणाल तर आपल्या गावाला त्या परवडणार नाहीत. आपल्याकडे पूल कोणत्या साली झाला यावरून तीन कथा अडल्यात. गावाची मजाच ही की एकाने लावलेलं झाड दुसऱ्याच्या कथेत सावली देतं.

नाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, शके १५०६, म्हणजे १५८४ साली. तेव्हा शेवटी बजावलं की यात जो स्वतःची ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवली असं समजा. स्वतःला जे सांगायचं ते त्यांनी एकनाथी भागवतात सांगितलं.

काठावरचा:
ज्ञानेश्वरी एकट्या माउलींची. आपलं गाव महाभारताच्या जातीचं आहे, पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी भर घातलेलं.

जुनी वही:
आणि त्यातली कुठली भर नंतरची हे निवडायला भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ काम चाललं. १,२५९ हस्तलिखितं ताडून पाहावी लागली. आपण नऊच जण आहोत, एक फोन केला तरी भागतं.

भर दुपार:
मला तिन्ही अटी सारख्या वाटत नाहीत. अत्याचाराला होकार हवाच, त्यात वाद नको. माझ्या शाळकरी पात्रावर असा प्रसंग कुणी लिहिला तर मी त्याच दिवशी बाहेर पडेन. मरणाचंही पटतं, मेलेलं माणूस पुढच्या कथेत आणता येत नाही. पण स्वभाव? तो तर प्रसंगागणिक वाकणारच. तिथे होकार नको, आधी कळवणं पुरे. लिहिणाऱ्याने ऐकून घ्यावं आणि मग त्याला वाटेल ते लिहावं.

उंबरठा:
भर दुपार, हे मला मान्य आहे. स्वभावाची अट मी मागे घेते.

काठावरचा, एक गोष्ट मी तुमच्यापैकी कुणालाच सांगितली नव्हती. गोदाक्का म्हणजे माझी मावशी. दळण झालं की ती गाळ्यातलं पीठ ब्रशने झाडून शेवटच्या गिऱ्हाईकाच्या डब्यात टाकायची. कुणी 'राहू द्या' म्हटलं तरी टाकायची. म्हणून ते पीठ काढून घेण्याचं वाक्य वाचताना माझ्याच्याने पुढे जाववेना. तुम्हाला हे ठाऊक असायचं काही कारण नव्हतं.

दुष्काळाचं तुमचं म्हणणं आज परत वाचलं. बरोबर आहे ते. तुम्ही विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, हेही खरं.

कथा काढू नका. विहीरही राहू द्या. फक्त त्या रात्री ती गिरणी बंद करून निघते तिथे, निघण्याआधी तिला गाळा झाडू द्याल का?

काठावरचा:
देतो. ब्रश कसला असायचा? नारळाच्या काथ्याचा की साधा रंगाऱ्याचा?

उंबरठा:
रंगाऱ्याचा. चार बोटं रुंद, दांडा मोडलेला, त्याला सुतळी गुंडाळलेली.