‘शॉर्टकट काढ’ म्हणजे करायचं काय?

खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात एक जुना संगणक आहे. विंडोज १० ला मोफत मिळणारे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि विंडोज ११ हे यंत्र काही घेईना. नवीन घेण्याइतके पैसे नव्हते, म्हणून विंडोजच्या जागी चालणारं मोफत लिनक्स मिंट टाकलं. यंत्र आता छान पळतंय. अडलं ते माणसांचं. इतक्या वर्षांत हाताला सवय झालेली एकही गोष्ट जागेवर राहिली नाही.

रोज सकाळी एक निवृत्त गुरुजी येतात. सीमाभागातल्या जुन्या मराठी शाळांच्या आठवणी ते लिहून काढतायत, सगळं स्वतः टाइप करून. मिंटवर वर्ड नाही, लिबरऑफिस रायटर आहे, आणि तो दरवेळी मेनूत जाऊन शोधावा लागायचा. मागच्या महिन्यात मी एक दिवस बेळगावला गेले होते. पुस्तकं लावायला येणाऱ्या पोराला गुरुजींनी सांगितलं, “बाळ, पडद्यावर रायटरचा शॉर्टकट काढ.”

पोरानं मेनू उघडला, रायटरच्या नावावर माउसचं उजवं बटण दाबलं. छोटी यादी उघडली. पॅनलवर ठेवा, डेस्कटॉपवर ठेवा, आवडत्यांत ठेवा अशा अर्थाच्या इंग्रजी ओळी, आणि त्याच यादीत ‘अनइन्स्टॉल’. गुरुजी ‘काढ’ म्हणालेत, म्हणजे हीच ओळ, असं त्याला वाटलं. पासवर्ड मीच देऊन ठेवला होता. दोन मिनिटांत रायटर गेला. मग मला फोन आला: “अक्का, काढलं. आता गुरुजी विचारूल्यात, कुठं काढलास म्हणून.”

लिहिलेल्या फायली जागेवर होत्या, कारण प्रोग्राम काढला तरी आपलं लेखन त्याच्याबरोबर जात नाही. दुसऱ्या दिवशी सॉफ्टवेअर मॅनेजरमधून रायटर परत आणला. पण तो अख्खा दिवस गुरुजींनी आपली पानं गेली असं समजून काढला, आणि त्याचं मला फार वाईट वाटलं. चूक दोघांपैकी कुणाचीच नव्हती. गुरुजींचं ‘काढ’ होतं चित्र काढण्यातलं, पोराचं होतं काटा काढण्यातलं.

हे क्रियापद खरोखर दोन्ही टोकं धरून आहे. आपण रांगोळी काढतो, कर्ज काढतो, दुकान काढतो, गर्दीतून वाट काढतो. आमच्याकडं शेताचा उतारा काढून आणतात. या सगळ्यांत नसलेलं काहीतरी हातात येतं. आणि चप्पल काढतो, डाग काढतो, नोकरीवरून काढतो, यांत असलेलं जातं. ‘शॉर्टकट’ हा शब्द मात्र दोन्हीकडं बसतो, कारण तो नवीन आहे आणि त्याच्याबरोबर कुठलं क्रियापद चालतं हे अजून ठरलेलं नाही. ‘टाकणे’चंही तेच. मी वर ‘मिंट टाकलं’ असं लिहिलं, तुम्हाला ते खटकलं नसेल. पण ‘मिंट टाकून दिलं’ म्हटलं तर? दुकानदार म्हणाला तर यंत्रात बसवलं, आणि घरात कुणी म्हणालं तर उकिरड्यावर गेलं.

म्हणून विचारते. पडद्यावरच्या त्या चिन्हाला तुम्ही काय म्हणता, आणि ते ठेवणं आणि घालवणं यांना कुठली क्रियापदं वापरता? आडवाट, पळवाट, जवळवाट असे पर्याय मी कुठं कुठं वाचलेत. मला एकही पटत नाही, पण का पटत नाही ते नीट सांगता येत नाही.

निपाणीहून, माजी मराठी शिक्षिका:

आडवाट तर मुळीच नको. आडवाटेला लागणं म्हणजे हमरस्ता सोडून बाजूला जाणं. ती वाट बहुतेक वेळा लांबचीच असते, आणि ‘पोरगा आडवाटेला लागला’ म्हटलं की आईच्या डोळ्यांत पाणी येतं. पळवाट कायद्यातून सुटायची. चोरवाट तर नावातच सांगते. आमच्या भागात शेतात जायला पाणंद असते, पण ती बैलगाडीची, सरळ आणि सगळ्यांची. लवकर पोचवणाऱ्या वाटेला आपण साधं ‘जवळची वाट’ म्हणतो. त्यासाठी वेगळा एक शब्द आपण घडवलाच नाही, म्हणून शॉर्टकट इतका सहज आत आला.

तो येताना एक ओझंही घेऊन आला. “अभ्यासात शॉर्टकट मारू नका” हे मी वर्गात शेकडो वेळा म्हटलंय. त्याच वर्गातली मुलं संगणकाच्या तासाला शॉर्टकट बनवायला शिकायची. एका तासाला दोष आणि दुसऱ्या तासाला कौशल्य. मुलांना त्यात अडचण आली नाही, मोठ्यांना येते. माझ्या बहिणीला अजून वाटतं की चिन्हावरून प्रोग्राम उघडणं म्हणजे काहीतरी गाळणं, आणि नीट उघडायचं तर मेनूतूनच जायला हवं.

चिकोडीहून, कन्नड माध्यमात शिकलेला:

कन्नडमध्येही हाच घोळ आहे. अड्डदारी म्हणजे वाईट मार्ग, तुमच्या आडवाटेची सख्खी बहीण. ओळदारी म्हणजे आतली वाट, तिला दोष चिकटलेला नाही. घरी आम्ही मराठी बोलतो, पण शेतातून जाताना ‘ओळदारीनं जाऊया’ सहज तोंडात येतं.

मला कन्नडमधला कीबोर्डचा शब्द फार आवडतो: कीलिमणे. कीलि म्हणजे किल्ली, मणे म्हणजे पाट. ईळिगेमणे म्हणजे आपली विळी, त्यातलाच हा मणे. आजीला सांगितलं की हा किल्ल्यांचा पाट, तर तिला लगेच कळलं. मराठीतला कळफलक चांगलाच आहे, पण तो परीक्षेत लिहायचा शब्द वाटतो.

आणि एक सावधगिरी. जोडणाऱ्या दुव्याला कन्नडमध्ये कोंडी म्हणतात. मराठीत कोंडी झाली म्हणजे सगळं अडलं. माझ्या मराठी मित्राला मी एकदा ‘कोंडी पाठवतो’ म्हणालो, तर तो विचारतो, कुठं अडकलायस?

बेळगाव शहरातून, संगणकाच्या कामात असलेला:

तुम्ही एकाच शब्दाखाली निदान तीन वस्तू ठेवताय, आणि गोंधळाचं मूळ तिथंच आहे.

पहिली वस्तू पडद्यावरचं चिन्ह. विंडोजमध्ये हा शॉर्टकट १९९५ पासून आहे, कोपऱ्यात छोटा बाण असलेला. मॅकवाल्यांनी त्याआधीच, १९९१ च्या सिस्टिम ७ मध्ये, हीच कल्पना ‘एलियास’ नावानं आणली होती. एलियास म्हणजे आपला ‘उर्फ’. मला तो शब्द जास्त प्रामाणिक वाटतो: माणूस एकच, नावं दोन. मिंटमध्ये याला लाँचर म्हणतात, आणि ती प्रत्यक्षात एक साधी मजकुराची फाइल असते. नाव काय दाखवायचं, चित्र कुठलं, कुठली आज्ञा चालवायची, हे तिच्यात ओळीओळीनं लिहिलेलं असतं.

दुसरी वस्तू एखाद्या फोल्डरकडं बोट दाखवणारी लिंक. मिंटमध्ये ती वेगळी बनवावी लागते. मूळ फोल्डर हलवला की ती तुटते, मॅकचा एलियास मात्र बहुतेक वेळा मूळ जागा शोधून काढतो.

तिसरी म्हणजे दोन-तीन कळा एकत्र दाबणं. तिचा चिन्हाशी काही संबंध नाही. मिंटमध्ये कीबोर्डच्या सेटिंगमध्ये शॉर्टकट्सचा भाग आहे, तिथं आपल्या आवडीची जोडी एखाद्या प्रोग्रामला देता येते. मी तिला कळजोडी म्हणतो. गुरुजींना एवढं मात्र आवर्जून सांगा: ज्या कळीवर विंडोजचं चिन्ह छापलंय ती दाबली की मिंटचाही मेनू उघडतो. मग माउस सोडून द्यायचा आणि नाव टाइप करायला लागायचं.

मूळ प्रश्नकर्ती:

तीन वस्तू वेगळ्या केल्यात हे फार बरं झालं. आता कळलं की आडवाट, जवळवाट मला का पटत नव्हतं. पडद्यावरचं चिन्ह वाट नाहीच. त्यावरून कुणी चालत जात नाही. ते सांगतं की अमुक गोष्ट तिकडं आहे. म्हणजे ती पाटी झाली.

हा शब्द मी हलक्यानं वापरत नाहीये. आमच्या भागात पाटी कुठल्या लिपीत असावी यावरून काय काय झालंय ते सगळ्यांना ठाऊक आहे. २०२४ च्या कायद्यानं कर्नाटकात दुकानाच्या पाटीवर साठ टक्के कन्नड सक्तीची झाली, तेव्हा आमच्या बाजारात कितीतरी पाट्या उतरल्या आणि नव्या लागल्या. पण त्या दिवशीही दुकानं चालूच होती. आतला माल तोच, गल्ल्यावरचा माणूस तोच. पोराला आणि गुरुजींना मी नेमकं हेच सांगितलं, आणि दोघांनाही एका झटक्यात समजलं. पडद्यावरची पाटी उतरवली तर रायटर बंद होत नाही. अनइन्स्टॉल केलं तर दुकानच उठतं.

शिवाय पाटीला स्वतःची क्रियापदं आहेत. पाटी लावायची, पाटी उतरवायची. ‘काढ’ची गरजच नाही. आणि प्रोग्रामला बसवणं आणि उठवणं.

निपाणीहून, पुन्हा:

पाटी आवडली. पण ‘दुवा’ हा रूढ शब्द का नको? साखळीतला दुवा, अगदी चपखल आहे.

मूळ प्रश्नकर्ती:

दुवा वेबसाइटच्या लिंकनं घेतलाय, तिथं तो छान रुळलाय. फोल्डरच्या लिंकलाही चालेल, तीही तुटते आणि दुवाही तुटतो. पण आमच्या वाचनालयात येणाऱ्या बऱ्याच म्हाताऱ्यांसाठी दुवा म्हणजे आधी आशीर्वाद. “पडद्यावर दुवा ठेव” हे त्यांच्या कानाला फार विचित्र लागतं.

चिकोडीहून, पुन्हा:

पाटी लावली तरी नाव कुठलं लिहायचं हा प्रश्न राहतोच. गुरुजींना रायटर हे नाव तरी कुठं माहीत होतं? ‘वर्ड’ कुठं गेलं हेच ते शोधत असणार.

मूळ प्रश्नकर्ती:

अगदी तेच. आपण बेळगाव म्हणतो, १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी आहे, आणि रेल्वेचा कोड अजून बीजीएमच. तीनही नावांनी गाडी त्याच स्टेशनात थांबते, कारण तिन्ही नावं कुणीतरी कुठंतरी नोंदवून ठेवलीयत. संगणकातही तसंच निघालं. मेनूच्या शोधाच्या खिडकीत इंग्रजीत ‘वर्ड’ लिहिलं तरी रायटर समोर येतो. लाँचरच्या त्या मजकुराच्या फाइलमध्ये शोधशब्दांची एक ओळ असते आणि तिच्यात मायक्रोसॉफ्ट वर्डचं नावही लिहिलेलं असतं. कुणीतरी गुरुजींसारख्या माणसाचा आधीच विचार करून ठेवलाय, हे बघून मला खरंच भरून आलं.

मराठी शब्द मात्र त्या ओळीत नव्हता. मग मी मेनू एडिटर उघडला. तिथं प्रोग्रामचं दाखवायचं नाव बदलता येतं, आतला प्रोग्राम तसाच राहतो. काय नाव देऊ असं गुरुजींना विचारलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, थोडा वेळ खिडकीकडं बघितलं आणि म्हणाले, “लेखणी.”

आता विंडोजचं चिन्ह असलेली कळ दाबून ते ‘ले’ एवढंच टाइप करतात आणि लेखणी समोर येते. काल पोरानं शेजारी उभं राहून विचारलं, “गुरुजी, पडद्यावर पण पाटी लावू का?”

“लाव,” गुरुजी म्हणाले. “पण तिथंच लाव, जिथं माझ्या फायली दिसतायत.”