कॉलेज फुटबॉलचे कोच: सेबन पहिला, मग दुसरा कोण?

टचडाऊन_तात्या: (अमेरिकन फुटबॉल, गोल मारायचा नव्हे.) यादी करतोय. विजेतेपदं ७ म्हणून निक सेबन पहिला, ६ म्हणून बेअर ब्रायंट दुसरा. पण जिंकलेल्या सामन्यांची टक्केवारी लावली की नूट रॉकनी ८८.१ घेऊन सगळ्यांच्या डोक्यावर बसतो. निकष कुठला धरायचा?

चौथा_डाऊन: विजेतेपदं नुसती मोजू नका तात्या, ती कधी जाहीर झाली ते बघा. अलाबामाच्या ब्रायंटचं १९६४ चं आणि १९७३ चं विजेतेपद मतदानाचं, आणि ते मतदान बोल सामन्याआधीच (मोसम संपल्यावरचा खास सामना) उरकलेलं. पुढे १९६४ च्या संघाला ऑरेंज बोलमध्ये टेक्सासने हरवलं, १९७३ च्या संघाला शुगर बोलमध्ये नोटर डेमने २४–२३. १९७३ ला तर एपीने (पत्रकारांचं मतदान) नोटर डेमलाच पहिलं ठेवलं. कोचांचं मतदान १९७४ पासून बोलनंतर गेलं. मात्र हाच काटा सेबनलाही लावा: त्याच्या एलएसयूचं (लुइझियाना स्टेट) २००३ चं विजेतेपद वाटून गेलेलं, एपीची पसंती यूएससीला (सदर्न कॅलिफोर्निया) होती.

बाकावरचा: त्यात शिष्यवृत्त्या धरा. एका संघात शिष्यवृत्तीवर किती खेळाडू, याला १९७३ मध्ये मर्यादा आली १०५ ची, १९७८ ला ९५, नव्वदच्या दशकात ८५. त्याआधी पैसेवाल्या कॉलेजला चांगली पोरं बाकावर बसवून ठेवणं परवडायचं. रॉकनीची १०५–१२–५ (विजय–पराभव–बरोबरी) आणि सेबनची आकडेवारी एका तराजूत घालण्यात अर्थ नाही.

टचडाऊन_तात्या: बरोबरी अर्धा विजय धरलीय, १०७.५ भागिले १२२. चूक नाही ना?

बाकावरचा: नाही, तीच रीत. १९९६ पासून ओव्हरटाइम आला, प्रश्नच मिटला.

पर्पल_पाटील: बिल स्नायडर कुठाय? १९८९ ला कॅन्सस स्टेट हातात घेतलं तेव्हा संघ सलग २७ सामने विजयाविना. १९९८ ला तोच संघ नियमित मोसमात ११–०. कारकीर्द २१५–११७–१, म्हणजे ६४.७ टक्के, म्हणून टक्केवारीत दिसतच नाही. कोच येण्याआधीच्या पाच वर्षांची टक्केवारी त्याच्या टक्केवारीतून वजा करा.

चौथा_डाऊन: आणि टॉम ऑस्बर्न मार खातो की त्यात! नेब्रास्का त्याला आधीचा कोच डेव्हनीकडून मिळालं ते १९७० आणि १९७१ ची विजेतेपदं घेऊनच. तिथून २५ मोसम, एकाही मोसमात ९ पेक्षा कमी विजय नाहीत. वजाबाकीत हाती काय येणार? भरलेलं घर राखणाऱ्यांची यादी वेगळी करा, पडकं उभारणाऱ्यांची वेगळी. माझ्या पहिल्या यादीत दुसरा ऑस्बर्न.

पर्पल_पाटील: मान्य. दुसऱ्या यादीत पहिला कोण, ते सांगायला नको.