शेवटच नसेल तर तिला गोष्ट का म्हणायचं?

चिंचोका: मायकेल जॉइसची 'आफ्टरनून, अ स्टोरी' एका मित्राच्या जुन्या मॅकवर तीन रात्री वाचली. 1990 साली फ्लॉपीवर निघालेली हायपरटेक्स्ट कथा, म्हणजे संगणकावर शब्दांवर टिचक्या मारत एका पडद्यावरून (स्क्रीनवरून) दुसऱ्यावर जात वाचायची. 539 छोटे पडदे, नऊशेहून जास्त दुवे. पीटरला सकाळी एक अपघात दिसतो आणि त्यात आपला मुलगा गेला की काय, ही धास्ती बसते. मला एवढंच हवं होतं: पोरगं जिवंत आहे का? शब्दावर टिचकी मारावी तर भलत्याच कुणाच्या गप्पा सुरू. मागे फिरावं तर पुन्हा तोच पडदा. आजी श्रावणात कहाणी सांगायची. 'साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण' झालं की हातातल्या अक्षता वाहायच्या आणि उठायचं. इथे उठायचं कधी? शेवट वाचकावर ढकलणं म्हणजे प्रयोग असेल, तर आमच्या ऑफिसातले निम्मे रिपोर्ट प्रयोगशील आहेत.

रातकिडा: उठायचं कधी ते कथेतच सांगितलंय. गोष्ट पुढे सरकेना, गोल फिरायला लागली किंवा वाटा तुडवून कंटाळलात, की वाचन संपलं. तुम्ही कंटाळलात, म्हणजे नियमाने वाचलीत! पण काही दुवे आधी ठरावीक पडदे वाचल्याशिवाय उघडतच नाहीत. खोल आत एक पडदा आहे, त्यावरून वाटतं की अपघाताला पीटरच कारण असावा. आता ते भरकटणं आठवा. त्याला तिकडे जायचंच नाहीये, म्हणून तुम्हालाही जाऊ देत नाही. हे सरळ ओळीत सांगितलं असतं तर फक्त कळलं असतं.

चिंचोका: म्हणजे कुलपं लेखकाचीच. मग अशा कथांचं 'वाचक स्वतःची वाट निवडतो' हे कौतुक कशाला? आजी निदान किल्ली स्वतःकडे आहे हे लपवत नव्हती.

पाटीपेन्सिल: भांडा निवांत. ती फ्लॉपी आज घालणार कुठे? पोथी उघडायला मशीन लागत नाही.

रातकिडा: पोथ्याही जातातच की. लीळाचरित्र हरवलं आणि आठवणीतून पुन्हा जुळवलं, असं परंपरा सांगते. पाठभेद आजही आहेतच. @चिंचोका, किल्लीचं मान्य. वाचकाच्या स्वातंत्र्याचा डांगोरा जरा जास्तच पिटला गेला. पण आजी कहाणी कधी अर्धवट सोडायचीच नाही?

चिंचोका: सोडायची ना, डोळा लागला की. आम्ही तिला हलवून विचारायचो, मग काय झालं? आणि ती झोपेतच भलत्या कहाणीचा धागा धरायची. ...हसू नका. मॅक परत केलेला नाही अजून.