बिअर चाखून नोंद कशी लिहायची? ‘कडू’ आणि ‘छान’च्या पुढे जमत नाहीये

कर्वेरोडवाला
नमस्कार मंडळी. गेले सात-आठ महिने मी आणि एक मित्र दर पंधरा दिवसांनी पुण्यातल्या कुठल्यातरी मायक्रोब्रुअरीत (जिथे बिअर जागेवरच बनवतात) जातो, चार वेगवेगळ्या बिअरचे छोटे ग्लास मागवतो आणि मी एका वहीत लिहून ठेवतो. बाटलीतली स्ट्राँग बिअर मला कधीच आवडली नव्हती, पण पहिल्यांदा हेफेवाइझन ही गव्हाची जर्मन बिअर प्यायलो आणि त्यात चक्क केळ्याचा वास आला तेव्हापासून हा नाद लागलाय आणि तो मला नीट करायचाय. अडचण अशी की वही उघडली तर पानोपान तेच, ‘छान’, ‘कडू’, ‘जरा जास्तच कडू’, ‘गोडसर’. दोन महिन्यांपूर्वीचं वाचून ती बिअर कशी होती हे माझं मलाच आठवत नाही. इंग्रजी रिव्ह्यू वाचावेत तर त्यात ग्रेपफ्रूट, पाइन, टॉफी, बिस्किट असं असतं, आता ग्रेपफ्रूट मी एकदा खाल्लंय आणि पाइनचं झाड मनालीला लांबून बघितलंय, मग मी ते कुठल्या तोंडाने लिहू.

दुसरं म्हणजे मागच्या वेळी एका ठिकाणी लागरला (थंडाव्यात आंबवलेल्या बिअरला) बटर पॉपकॉर्नसारखा वास येत होता. मित्र म्हणाला ही त्यांची खासियत असणार, मला ती बिघडलेली वाटली पण खात्री नव्हती म्हणून गप्प बसलो. ते नक्की काय असतं? आणि चाखायची काही पद्धत असते का, की आपलं प्यायचं आणि लिहायचं?

इसारकाठी
दादा, तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, कारण मीही इथूनच सुरुवात केली होती. मी मूळची सांगलीची, अकरा वर्षं म्युनिकमध्ये आहे. पहिली दोन वर्षं मीही इंग्रजी शब्द उसने घेऊन लिहायचे आणि त्यातलं एकही मला खरं वाटायचं नाही. मग एकदा आई इथे आली होती, तिला नुसता वास घ्यायला ग्लास दिला तर ती पटकन म्हणाली, अगं ही तर शिकरण आहे आणि कुणीतरी वर लवंग टाकलीये. हेफेवाइझनचं इतकं नेमकं वर्णन मी तोवर कुठे वाचलं नव्हतं!! त्या दिवसापासून मी स्वयंपाकघरातल्या शब्दांत लिहिते.

तुम्हाला केळं आलं ते बरोबरच आहे आणि त्यात केळं घातलेलं नसतं. तो सगळा यीस्टचा खेळ. यीस्ट आंबवताना आयसोअमाइल अ‍ॅसिटेट नावाचं एस्टर, म्हणजे फळांसारखा वास देणारं संयुग बनवतं, पिकलेल्या केळ्यातही तेच असतं, आणि लवंगेसारखा जो वास येतो तो फोर-व्हायनिल ग्वायकॉलचा. आंबवताना तापमान जास्त ठेवलं की साधारणपणे केळं वर येतं. लवंग हवी असेल तर मॅशिंगच्या वेळी, म्हणजे दळलेलं धान्य गरम पाण्यात भिजवताना, ते थोडा वेळ ४५ अंशांच्या आसपास ठेवतात. म्हणजे पुढच्या वेळी दोन ठिकाणच्या हेफे शेजारी ठेवा आणि एवढंच लिहा, केळं पुढे की लवंग पुढे. या एका ओळीने दोन्ही बिअर वर्षभर लक्षात राहतील.

आता उसन्या शब्दांचं. ग्रेपफ्रूट म्हणजे आपल्या पपनसाचं लेकरूच आहे, पपनस आणि संत्र्याच्या संकरातून आलेलं, तेव्हा पपनसाची साल नखाने खरवडल्यावर जो वास येतो तो डोक्यात ठेवा. पाइन म्हणजे घराला रंग देताना येणारा टर्पेंटाइनचा वास, ते पाइनच्या राळेपासूनच काढतात. टॉफी म्हणजे चिक्कीसाठी गूळ वितळून फेसाळायला लागतो ना, तो क्षण. आणि माल्ट तर आपल्याला मुळीच परका नाही, नाचणीला मोड आणून वाळवून भाजून सत्त्व करतो तेच इथे जवावर करतात. घरी सत्त्व भाजताना कढईवर नाक धरा एकदा, लागर आणि एलच्या (एल म्हणजे जरा उबदार तापमानात आंबवलेली बिअर) तळाशी असतो तो वास तिथेच सापडेल. विटबिअर (गव्हाची बेल्जियन बिअर) मिळाली तर आधी चार धणे तळहातावर रगडून हुंगा, कारण त्या बिअरमध्ये धणे आणि संत्र्याची साल खरोखरच घालतात. धणे फोडणीत एक आणि हातावर रगडले की अगदी दुसरेच लागतात, लिंबाकडे झुकणारे, बिअरमध्ये तो दुसरा वास येतो.

वॉर्टआणिवाफ
मी पुण्यातच एका ब्रुअरीत कामाला आहे, नाव लिहीत नाही. बटर पॉपकॉर्नचं सांगतो. दादा तुमचं नाक बरोबर होतं, मित्राचं ऐकू नका. त्याला डायअ‍ॅसिटिल म्हणतात. आंबताना ते थोडंफार बनतंच आणि यीस्टला पुरेसा वेळ दिला तर यीस्टच ते परत खाऊन टाकतं, म्हणून लागर शेवटी दोन-तीन दिवस जरा उबदार, १६-१८ अंशांवर ठेवतात आणि मग थंड करतात. घाईत ते दिवस कापले की वास राहतो. दुसरं कारण म्हणजे नळाच्या नळ्या. टाकीपासून नळापर्यंतची लाइन वेळेवर धुतली नाही तर तिथे लॅक्टिक बॅक्टेरिया वाढतात आणि तेही हाच वास सोडतात, सोबत आंबटपणा आला तर बहुतेक लाइनच घाण. दर १४ दिवसांनी लाइन धुवावी असा नियम चांगल्या ठिकाणी पाळतात. वासाबरोबर जिभेवर तुपासारखा निसरडा थर वाटला का बघा, ती पक्की खूण. आणि सांगत जा हो! काउंटरवर शांतपणे सांगितलं की लागर बटरी लागतेय तर आमच्यासारख्याला मदतच होते, कारण गिऱ्हाईक गप्प उठून गेलं की आम्हाला कळतच नाही.

बाकीचे वासही शिकून ठेवा, मका उकडल्यासारखा किंवा कोबी शिजल्यासारखा वास म्हणजे डीएमएस, उकळणं कमी पडलं किंवा नंतर थंड करायला वेळ लागला. ओल्या पुठ्ठ्याचा म्हणजे हवा लागून शिळी झालेली. हिरवं सफरचंद कापून ठेवल्यासारखा म्हणजे बिअर अजून कच्ची. दवाखान्याचा, बँडेजचा वास आला तर क्लोरीनचा घोळ, ती बिअर पिऊच नका.

चाखायच्या पद्धतीत सगळ्यात मोठी गोष्ट तापमान. आपल्याकडे सगळ्यांना बिअर बर्फगार लागते आणि बर्फगार बिअरला वासच नसतो, लागर ठीक आहे ४ ते ७ अंशांवर, पण स्टाउट, म्हणजे काळी बिअर, १०-१२ अंशांवर येऊ द्या, ग्लास दोन्ही हातांत धरून दहा मिनिटं बसा आणि दर घोटाला काय बदलतंय ते लिहा. पहिला हुंग सगळ्यात खरा असतो त्यामुळे ग्लास टेबलावर आला की आधी नाक आणि मग फोटो. नाक थकलं की स्वतःच्या बाहीचा किंवा मनगटाचा वास घ्या, परत ताजं होतं. घोट गिळल्यावर तोंड मिटून नाकाने श्वास सोडा, निम्मी चव तिथे कळते. आणि चाखताना मसाला शेंगदाणे, चकली लांब ठेवा, साधा पाव आणि पाणी बास. तिखटाने कडवटपणा आणि फसफस दोन्ही जास्त झोंबतात. हलक्या बिअरपासून सुरू करून आयपीए (इंडिया पेल एल, चांगलीच कडू असते) शेवटी घ्या, आयपीएनंतर कोल्शसारखी हलकी जर्मन बिअर प्यायलात तर ती पाण्यासारखी लागणार आणि बिचारीला उगाच कमी मार्क मिळणार.

एक गैरसमज मी रोज ऐकतो, काळी म्हणजे स्ट्राँग. तसं काही नाही. रंग करपवलेल्या जवाचा असतो, मद्यार्काचा नाही. गिनेसचा ड्राफ्ट स्टाउट फक्त ४.२ टक्क्यांच्या आसपास आहे, आपल्या बाजारातल्या सोनेरी स्ट्राँग बिअर त्याहून कितीतरी जड.

मार्कांसाठी बीजेसीपीची पद्धत घ्या, ही बिअरच्या परीक्षकांना प्रमाणपत्र देणारी संस्था आहे आणि तिचे परीक्षक तीच वापरतात. एकूण ५० मार्क, त्यात वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडात कशी वाटते त्याला ५ आणि एकूण मताला १०. दिसण्याला फक्त ३ हे लक्षात घ्या, आपण फोटो बघून निम्मं मत आधीच बनवलेलं असतं.

मांडवीपार
मला हे मार्कांचं पटत नाही. मी पणजीचा, बिअर आमच्याकडे जेवणाखाण्यातली गोष्ट आहे, परीक्षेचा पेपर नाही. स्टाइलच्या पुस्तकात बसते की नाही यावर मार्क द्यायला लागलो तर आपलं कोकम, आपली कैरी घालून कोण काही करून बघणार? मी एकदा जर्मनीतली गोझं नावाची बिअर प्यायलो, आंबट, त्यात मीठ आणि धणे. टेबलावरचे सगळे तोंडं वाकडी करत होते आणि मला पहिल्याच घोटाला कळलं की अरे हे तर मीठ जरा जास्त पडलेलं कोकम सरबत. ज्याच्या घरी उन्हाळाभर कोकम असतं त्याला ती बिअर समजावून सांगावी लागत नाही. तेव्हा भाऊ, तुम्हाला जे आठवलं ते लिहा, कुणाच्या तक्त्याची गरज नाही.

एक मात्र किनाऱ्यावर राहणारा म्हणून सांगतो, उन्हात बसून चाखू नका. उजेडाने हॉप्समधले (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) कडू घटक फुटतात आणि गंधकाचा वास सुटतो, इंग्रजीत त्याला स्कंक म्हणतात पण तो प्राणी आपल्याकडे नाहीच तर तो शब्द काय कामाचा, जळक्या रबरासारखा वास समजा. हिरव्या आणि पारदर्शक बाटलीत हे लवकर होतं, तपकिरीत कमी, कॅनमध्ये नाही. ग्लासात ओतलेली बिअर भर उन्हात काही मिनिटांत बिघडते, शॅकवर बसलात तर सावलीतली खुर्ची बघा.

आणि पुण्याचा विषय निघालाय तर, तुमच्याकडे २००९ ला जी डूलाली नावाची मायक्रोब्रुअरी सुरू झाली तिच्या नावाचा शब्द आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचा आहे हे किती जणांना माहीत आहे? इंग्रज शिपाई मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत देवळाली कॅम्पात महिनोन्‌महिने अडकायचे, त्यात डोकं फिरलं की त्याला डूलाली म्हणायचे. मला हे फार आवडतं, आपल्या गावाचं नाव इंग्रजीत फिरून बिअरच्या ग्लासावर परत आलं.

वॉर्टआणिवाफ
मांडवीपार भाऊ, कोकमाचं एकदम मान्य, गोझंसाठी याहून चांगलं वर्णन नाही. पण स्टाइल म्हणजे काही दंडुका नाही हो, बनवणाऱ्याने काय कबूल केलं होतं ते त्यात असतं. आंबटपणा हेफेमध्ये आला तर ती नासलेली, तोच ब्रसेल्सजवळच्या लँबिक नावाच्या बिअरमध्ये नसेल तर ती लँबिकच नाही, तिथे तर हवेतल्या यीस्टने बिअर आंबवतात आणि गोठ्यासारखा वास आला तरी लोक खूश असतात. डायअ‍ॅसिटिलसुद्धा, चेक लागरमध्ये अगदी थोडं चालतं, जर्मन पिल्सनरमध्ये (तीही लागरच) अजिबात नाही. म्हणजे एकच वास एका ग्लासात दोष आणि दुसऱ्यात गुण, आणि हे माहीत नसेल तर नोंद लिहिणारा चांगल्या बिअरला नावं ठेवतो आणि वाईट बिअरला खासियत म्हणतो, कर्वेरोडवाल्यांच्या मित्राने केलं तसंच. मी चार वर्षं रात्री-बेरात्री टाक्यांजवळ उभं राहून हे शिकलोय, कुणी ‘मला आवडली’ एवढंच लिहितं तेव्हा छान वाटतं, पण ‘लवंग कमी पडली’ असं लिहिलं तर पुढच्या खेपेला मी काहीतरी करू शकतो.

इसारकाठी
दोघांचंही एका पानावर मावतं की. मी वर काय आठवलं ते लिहिते, शिकरण, पपनस, भाजलेलं सत्त्व, जे असेल ते. खाली एक ओळ, ही स्टाइल सांगितली होती तशी आहे का. मार्क मी देत नाही पण तुम्ही देऊन बघा.

कर्वेरोडवाला
तुम्हा तिघांचे खरंच आभार, काल संध्याकाळी लगेच करून बघितलं. रिक्षाने गेलो, दारू पिण्याचा परवाना खिशात, चारच छोटे ग्लास, मसाला शेंगदाणे नको म्हटल्यावर वेटर बघतच राहिला, साधा पाव मागवला. वहीतलं जसंच्या तसं लिहितो:

विटबिअर. दुधट पिवळी, पांढरा फेस लवकर बसला. हातावर रगडलेले धणे, मग मोसंबीची साल, शेवटी जरा पिठूळ. सांगितली तशीच आहे.

हेफे. लवंग पुढे, केळं मागे!! लवंग म्हणजे दातदुखीला कापूस लावतो तेव्हाची. तोंडात दाट, शिकरणीतलं दूध जरा पातळ केल्यासारखी.

आयपीए. थंड असताना नुसती कडू, पाच मिनिटांनी पिकलेला पेरू आला, खरोखर पेरू, मित्रालाही न सांगता तोच शब्द सुचला. कडवटपणा कारल्याचा नाही, मेथीच्या दाण्याचा, मागे रेंगाळणारा.

स्टाउट. दहा मिनिटं हातात धरला. आधी काहीच नाही, मग करपलेली भाकरी, मग चिकोरी घातलेली कॉफी, शेवटच्या दोन घोटांत काळा गूळ. मी समजत होतो तेवढी जड अजिबात नाही.

आणि ते पेरूचं काय असतं, त्यात खरंच घालतात का?

वॉर्टआणिवाफ
नाही, तो हॉप्सचा. काही जातींमध्ये गंधकाची जी संयुगं असतात त्यातली काही पेरूतही सापडतात म्हणून. पण हा वास पटकन उडतो, महिन्याभराने तीच बिअर प्यायलात तर पेरू गेलेला असेल आणि कडू तेवढं उरेल. आयपीए कधी भरली ती तारीख विचारत जा आणि वहीत तीही लिहा.