पहिलीच शरीरसौष्ठव स्पर्धा, हातात १४ आठवडे – मदत हवी आहे

उद्यमबाग_सेकंड_शिफ्ट
नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत बेळगावात जिल्हास्तरीय स्पर्धा आहे, पहिल्यांदाच उतरायचंय. वय २४, उंची १७० सेंमी, वजन ७२ किलो, बेंबीवर कंबर ३३ इंच. फौंड्रीत शिफ्ट असल्यामुळे खाणं सगळं डब्यातलं. ६५ किलोचा वजनगट धरू की ७० चा? डब्यात काय नि किती? जिममधली पोरं सांगायलीत की शेवटचे दोन दिवस पाणी-मीठ बंद करायचं, ते कितपत खरं? इंजेक्शन-गोळ्यांचा सल्ला नको, त्यात पडायचं नाही.

रताळेवाला
गट आत्ता धरूच नको. आठवड्याला अर्धा ते पाऊण किलो उतरलं तर १४ आठवड्यांत तू साडेएकसष्ट ते ६५ च्या आसपास येतोस, म्हणजे ६५ चा गट आपोआप जुळतो. पण चरबी गेल्यावर ६६ भरलं, तर ७० च्या गटात उभा राहा. एका किलोसाठी स्नायू जाळून आलेला गडी स्टेजवर लगेच कळतो, चेहरा ओढलेला आणि मांड्या सपाट.

वजन रोज सकाळी संडासला जाऊन आल्यावर, काही न पिता करायचं आणि आठवड्याची सरासरी धरायची. एका दिवसाच्या आकड्यावर जेवण कमी करू नको. रात्री लोणचं खाल्लं तरी सकाळी काटा पाऊण किलो वर जातो.

आता डबा. पहिले आठ-दहा दिवस आत्ता जे खातोस ते मोजून लिही, मग त्यातून ४०० कॅलरी काढ. तुझ्या मापाने साधारण २२०० वर येशील. त्यात प्रोटीन १६० ग्रॅम, फॅट ५० ते ५५ ग्रॅम, उरलेलं कार्ब:

अंडी २ पूर्ण आणि ८ पांढरे – ४० ग्रॅम प्रोटीन
चिकन ब्रेस्ट ३०० ग्रॅम, कच्चं वजन – ६८ ते ७०
व्हे (प्रोटीन पावडर) १ स्कूप – २४ च्या आसपास (पाकिटावर बघ)
बाकीचं डाळ, ताक, भाकरीतून निघतं

कार्बसाठी १०० ग्रॅम कच्चा तांदूळ, ४०० ग्रॅम रताळी, ज्वारीच्या दोन भाकऱ्या. रताळी आपल्या भागात पोत्यानं पिकतात, दुसरीकडची पोरं ओट्सवर पैसे घालतात. भाकरीचं पीठ मोजून घे, १०० ग्रॅममध्ये दोन. घरची एक भाकरी कधी ५० ग्रॅमची असते, कधी ९० ची.

सगळ्यात जास्त घोळ दोन ठिकाणी होतो. एक, तांदूळ कच्चा लिहायचा आणि भात शिजलेला मोजायचा. १०० ग्रॅम तांदळाचा पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास भात होतो. दुसरं तेल. फोडणीचा एक चहाचा चमचा म्हणजे ४० कॅलरी, आणि आई कधी चमच्यानं घालत नाही. चिकनला तेल वेगळं मोजून दे.

खानापूर_रोड
वरच्यात एवढीच भर: "कटिंग" (स्पर्धेआधी चरबी उतरवणं) चालू झालं की वजनं हलकी करून एका सेटला पंचवीस-पंचवीस रेप (उचल) मारायची सवय आपल्याकडे फार आहे. नको. स्नायू ज्या वजनानं झाला त्याच वजनानं टिकतो. थकवा वाढला तर सेट कमी कर, वजन नको. कार्डिओही पहिल्याच आठवड्यात तासभर लावू नको. शिफ्टमध्ये चालणं होतंच. वजन दोन आठवडे अडलं तर २० मिनिटं वाढव. सगळं आधीच वापरून टाकलं तर शेवटी काढायला काय उरणार?

पोझिंग_आधी
पोझिंगबद्दल तू विचारलंच नाहीस, आणि पहिल्या स्पर्धेत पोरं तिथंच मार खातात. आजपासून रोज १५ मिनिटं, शेवटच्या सहा आठवड्यांत ३०.

सक्तीच्या पोझ सात: फ्रंट डबल बायसेप्स, फ्रंट लॅट स्प्रेड, साइड चेस्ट, बॅक डबल बायसेप्स, बॅक लॅट स्प्रेड, साइड ट्रायसेप्स, आणि ॲब्ज-थाय. त्याआधी चार क्वार्टर टर्न, म्हणजे पाव-पाव वळून चारही बाजू दाखवणं. प्रत्येक पोझ १५ सेकंद धरता आली पाहिजे, कारण पंच तुलनेसाठी तीच पोझ पुन्हा पुन्हा मागतात.

पोझ खालून बांधायची: आधी पाऊल, मग पोटरी, मांडी, पोट आणि शेवटी हात. बॅक डबल बायसेप्स बघ. एक पाय मागे, चवडा जमिनीत दाबून पोटरी वर काढायची, मांडीचा मागचा भाग आवळायचा, मग कोपर खांद्याच्या किंचित वर आणि छाती थोडी मागे कलती. दिवे वरून येतात, सरळ उभा राहिलास तर पाठीचे कट्स (स्नायूंमधल्या रेषा) सावलीत जातात. ॲब्जमध्ये श्वास पूर्ण सोडून पोट आवळायचं. श्वास कोंडला की पोट पुढं येतं आणि मान लाल.

क्वार्टर टर्नला "रिलॅक्स" म्हणतात खरे, पण ढिला कुणीच नसतो. दुसऱ्याचा नंबर पुकारला तरी मांड्या सोडू नको, पंचांचं लक्ष असतं. शेवटचा महिना आरसा बंद, मोबाईलवर व्हिडिओ.

उद्यमबाग_सेकंड_शिफ्ट
खूप आभार. पाणी-मिठाचं कुणी बोललं नाही?

निपाणीचा_बबन
आमच्याकडे सगळे शनिवारी पाणी तोडतात, रविवारी स्टेज. कट्स दिसतात की.

रताळेवाला
बबनभाऊ, ते कट्स पाणी तोडल्यानं नाही, आधी चरबी गेली म्हणून दिसतात. स्नायूत पाऊण भाग पाणीच असतं. भात खाऊन स्नायू भरायचा तर एक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत (स्नायूत साठणारी साखर) तीनेक ग्रॅम पाणी आत जातं. पाणीच नसेल तर भरणार काय? मीठ तोडलं की पंप (व्यायामानं स्नायू फुगणं) येत नाही, शिरा बसतात. फौंड्रीत घाम गाळणाऱ्यानं तर मीठ तोडूच नये, चक्कर येऊन भट्टीशेजारी पडायचा. आणि लघवीच्या गोळ्या कुणी हातावर ठेवल्या तर परत दे. पोटॅशियम ढासळून हृदयाचे ठोके बिघडतात, जीव गेलेत त्यात. डोपिंगच्या बंदी यादीतही त्या आहेत.

पाणी रोजचंच, स्पर्धेच्या दिवशी घोट-घोट. शेवटचे दोन दिवस कार्ब वाढवून किलोमागे ५ ते ६ ग्रॅम, भात आणि रताळ्यातून. कोबी, कडधान्य, दूध बाजूला, नाहीतर पोट फुगतं. याची रंगीत तालीम दोन आठवडे आधी कर, दुसऱ्या दिवशी कसा दिसतोस त्याचे फोटो काढ. त्यावरून आकडा कमी-जास्त कर.

खानापूर_रोड
टॅनचं, म्हणजे स्टेजसाठी अंगाला लावायच्या गडद रंगाचं ऐक. अंगावरचे केस दोन दिवस आधी काढ, त्याच दिवशी काढले तर पुरळ उठतं आणि टॅन डागाळतो. लावण्याआधी अंग घासून धू, मग तेल, क्रीम, डिओ काही नाही. डिओनं काखेत हिरवट होतं. आदल्या रात्री दोन पातळ हात, सकाळी एक. काळी ढिली पँट घाल, जुनी चादर अंथर. हातावर रंग तोंडापेक्षा गडद होऊ देऊ नको. तेल लावायचंच तर नावापुरतं.

आपल्याकडं वेळ पाच सांगतात आणि तुझा गट रात्री दहाला पुकारतात. पिशवीत चुरमुरे, गूळ, चिमूटभर मीठ, पाणी ठेव. गट पुकारायच्या २५ मिनिटं आधी रबर बँड नि पुशअप, छाती-पाठ-हात एवढंच. मांड्यांना पंप नको, कट्स भरून जातात. दोन ट्रंक (स्टेजवरच्या चड्ड्या), सेफ्टी पिना, आधार कार्ड, आणि पोझिंगचं ६० सेकंदांचं गाणं मोबाईल आणि पेनड्राइव्ह दोन्हीत.

स्पर्धा झाल्याच्या रात्री कुंद्याचा (बेळगावी खव्याची मिठाई) अख्खा डबा आणि बिर्याणी एकदम नको. दोन दिवसांत पाय-चेहरा सुजून चप्पल बसत नाही. दर आठवड्याला दोनशे-अडीचशे कॅलरी वाढवत ये. कुंदा वाटीभर खा.